रिमोट कोणाच्या उशाशी?

मे महिन्याच्या रात्री एकाच खोलीत चार माणसे निजली असतील, तर त्या खोलीतील सुख कोणाच्या अंगाने मोजावे? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु आमच्या घरात तो उभा राहिला आणि त्याचे उत्तर शोधताना आम्हांला आमच्याच मनाची थोडी ओळख झाली. म्हणून तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमच्याकडे वातानुकूलन यंत्र आले ते आईच्या खोलीत. आई वृद्ध, उन्हाळा तिला सोसवेना. पुढे मुलांची अंथरुणेही त्याच खोलीत पडली, मग आमचीही. रिमोट अर्थातच आमच्या उशाशी राहिला. काही दिवसांनी पहाटे जाग आली तेव्हा पाहिले, तो आई स्वेटर आणि मोजे घालून, शाल लपेटून भिंतीकडे तोंड करून निजली होती. “थंडी वाजते का गं?” असे विचारताच ती म्हणाली, “नाही रे बाळा, तुम्हांला उकडतं ना!”

या एका वाक्याने आम्ही ओशाळलो. जिच्यासाठी यंत्र आणले, तीच त्याच्यापासून स्वतःला जपत होती. मग यंत्राला हे कळले कसे नाही? कुतूहलाने त्याची माहिती मिळवली.

भिंतीवरच्या यंत्रात, हवा आत ओढली जाते त्या वाटेवर, मिऱ्याच्या दाण्याएवढा एक संवेदक असतो. त्याला थर्मिस्टर म्हणतात. उष्णता वाढली की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो, थंडावा आला की वाढतो. या चढउतारावरून यंत्रातील छोटा संगणक तापमान ओळखतो. साध्या यंत्रात ठरवलेला आकडा गाठला की काँप्रेसर बंद पडतो आणि हवा थोडी तापली की पुन्हा सुरू होतो. इन्व्हर्टर जातीच्या यंत्रात तो गरजेप्रमाणे आपला वेग कमीजास्त करतो. पण हा संवेदक छताजवळ असतो. उबदार हवा वर जाते, गार हवा खाली बसते. त्यामुळे वर मोजलेले तापमान आणि खाली निजलेल्या माणसाभोवतीचे तापमान यांत अंतर पडते.

हे अंतर मिटवण्यासाठी काही उत्पादकांनी दुसरा संवेदक थेट रिमोटमध्येच बसवला. विशिष्ट कळ दाबली की रिमोट आपल्याभोवतीचे तापमान मोजतो आणि ठरावीक वेळाने अदृश्य किरणांवाटे ते यंत्राला कळवतो. रिमोट पांघरुणाखाली गेला, तर त्याचा निरोप पोहोचत नाही आणि यंत्र पुन्हा आपल्या जागच्या संवेदकावर विसंबते. काही यंत्रांना तर खोलीत माणूस कोठे आहे हे अंगाच्या उष्णतेवरून ओळखणारा डोळाही असतो. आमच्या यंत्रात ती कळ होती, आणि आम्ही ती दाबलेली होती. म्हणजे रात्रभर यंत्र आमच्याच उशाजवळची हवा मोजत होते. त्याने आपले काम चोख केले होते. त्याच्या लेखी खोलीत फक्त आम्हीच होतो.

येथेच यंत्राची मर्यादा संपते आणि माणसाची जबाबदारी सुरू होते. कारण तापमान मोजणे वेगळे आणि सुख मोजणे वेगळे. ओले फांगर या डॅनिश शास्त्रज्ञाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात माणसाला वाटणारा उकाडा वा गारवा सहा गोष्टींवर ठरतो असे मांडले: हवेचे तापमान, भोवतालच्या भिंतींची व वस्तूंची उष्णता, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि शरीरात निर्माण होणारी ऊब. यांतील शेवटच्या दोन गोष्टी ज्याच्या त्याच्या असतात. वृद्ध देहात ऊब कमी निर्माण होते. धावपळ करून आलेल्या मुलाच्या देहात ती अधिक असते. फांगर यांच्या हिशोबात आणखी एक नम्र करणारी गोष्ट आहे. सर्व गोष्टी उत्तम जुळवल्या, तरी शंभरांतील सुमारे पाच माणसे असमाधानी राहतातच. सर्वांना सुखावणारा आकडा नाही.

मग मोजमाप कोणाचे धरायचे? नेदरलँड्समधील दोन संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की, कचेऱ्यांतील गारव्याचे प्रचलित गणित ज्या देहावर बेतले होते, तो सुमारे चाळिशीतल्या, सत्तर किलो वजनाच्या पुरुषाचा होता; स्त्रियांच्या शरीरातील ऊब त्यात वाजवीपेक्षा अधिक धरली जात होती. कोणी दुष्टपणे हे केले नव्हते. मोजताना जो समोर होता, त्याचाच देह सर्वांचा देह मानला गेला, इतकेच. आमच्या खोलीतही तेच घडले नव्हते काय? अन्याय पुष्कळदा क्रोधातून होत नाही; आपल्याला बरे वाटते आहे, म्हणजे सर्वांनाच बरे वाटत असणार, या समजुतीतून होतो.

आणि ही समजूत खोलीच्या भिंतीपाशीही थांबत नाही. यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही, केवळ बाहेर नेऊन टाकते. एक टनाचे यंत्र पूर्ण जोराने चालते तेव्हा खोलीतून सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता ओढते. त्यासाठी साधारण एक किलोवॅट वीज खर्ची पडते. आणि या दोहोंची बेरीज, म्हणजे साडेचार किलोवॅट, बाहेरच्या पेटीतून उधळली जाते. आमची बाहेरची पेटी शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर होती. त्यांनी कधी तक्रार केली नाही. फक्त खिडकी लावून घेतली. घरात आईने शाल ओढली, बाहेर काकूंनी खिडकी ओढली. दोघींचेही मौन आम्ही संमती समजत होतो. शेजारी कोण, हा प्रश्न आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण आपल्या यंत्राची झळ ज्याला लागते तोही शेजारीच, हे आमच्या ध्यानी आले नव्हते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात, अपायकारक उपभोगाच्या सवयींविषयी लिहिताना, वातानुकूलनाच्या वाढत्या वापराचेच साधे उदाहरण दिले आहे, हे येथे आठवते.

तर मग यंत्र काढून टाकावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. तीव्र उष्णता वृद्धांच्या आणि आजाऱ्यांच्या जिवावर बेतते. त्यांच्यासाठी गारवा ही चैन नव्हे, शुश्रूषा आहे. देहाला सुख मिळावे यात पाप नाही. प्रश्न सुखाचा नाही, ते मोजण्याचा अधिकार एकाच हाती राहण्याचा आहे. रिमोट आईच्या उशाशी ठेवला म्हणूनही तो सुटत नाही. मग मुले घामाघूम होतात आणि आई अपराधी होते. कोणाला तरी थोडे सोसावेच लागणार. पण विचारून सोसायला लावणे आणि न विचारता सोसायला लावणे यांत माणुसकीचे अंतर आहे.

आम्ही त्या दिवशी सर्वांना एकत्र बसवून विचारले. यंत्र सव्वीसवर ठेवून छताचा पंखा मंद लावायचे ठरले, कारण वाहती हवा अंगाला अधिक गार भासते. आपल्या देशात १ जानेवारी २०२० पासून नव्या यंत्रांची मूळ नेमणूक चोवीस अंशांवर असते. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या सांगण्यानुसार एकेका अंशाने आकडा वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. आईची खाट वाऱ्याच्या झोतातून बाजूला घेतली. कारागीर बोलावून बाहेरची पेटी फिरवून घेतली. त्याला खर्च आला, आणि तो आमचाच होता. काकूंची खिडकी पुन्हा उघडी दिसते.

थर्मिस्टर फार प्रामाणिक आहे. जेथे ठेवाल तेथले तो खरे सांगतो. पण तो कोठे ठेवायचा, हे त्याला ठरवता येत नाही, आणि भिंतीकडे तोंड करून निजलेल्या माणसाला “तुला कसे वाटते?” असे विचारता येत नाही. ते काम आपले आहे. आता रात्री दिवा मालवण्यापूर्वी आम्ही आईला ते विचारतो. बहुतेक वेळा ती “ठीक आहे” एवढेच म्हणते. तरीही आम्ही विचारतो, आणि तिचे पाय गार पडले नाहीत ना, हे हात लावून पाहतो.