विलंब, अडथळा आणि आवर

सदाशिव पेठेतील विश्रामबागवाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे तिची धुरा सांभाळणाऱ्या मेजर थॉमस कँडी यांनी मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये पूर्णत्वास नेला. कोशात ‘डिले’, ‘हिंडर’ व ‘रिस्ट्रेन’ हे शब्द वेगवेगळ्या पानांवर नांदतात. व्यवहारात मात्र आपण विलंब, अडथळा आणि आवर यांची गल्लत करतो. मजुराची मजुरी उद्यावर ढकलणारा त्याला नुसता विलंब म्हणतो; पण मजुराची चूल त्याच रात्री विझलेली असते. म्हणूनच ती सकाळपर्यंत ठेवून घेण्यास लेवीय ग्रंथाने मनाई केली आहे. उलट, विहिरीच्या काठावरून मुलाला मागे ओढणारी आई त्याला आवरते, अडवीत नाही. थांबवल्याने ज्याला थांबवले त्याचे कल्याण झाले, तर तो आवर. केवळ थांबवणाऱ्याचीच सोय झाली, तर तो अडथळा, मग आपण त्याला कितीही सौम्य नाव देवो.