गिरमिट हातात घेण्याआधी

या मननाला आसन लागत नाही. उभ्यानेच करायचं, आणि डोळे उघडे ठेवून.

दोन पायांत खांद्यांइतकं अंतर ठेवा. गुडघे किंचित सैल सोडा. पायाखाली मिल लॅक्स हे तळं आहे, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं. पसारा सुमारे 530 चौरस किलोमीटर, पण खोली जेमतेम चाळीस-बेचाळीस फूट. जानेवारीची सकाळ आहे, पारा उणे वीसवर. तुम्ही सांगलीत पंख्याखाली बसून वाचत असाल तरी हरकत नाही. पायांत जड बूट आहेत एवढं धरून चाला.

श्वास आत घ्या. नाकातले केस ताठ झालेले जाणवतील. श्वास सोडा. वाफ तोंडासमोर क्षणभर रेंगाळेल. आणखी एकदा.

आता लक्ष तळव्यांकडे न्या. तळवा, मोजा, बूट, बुटाखाली बर्फ, बर्फाखाली पाणी. पाणी साधारण 4 अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं, म्हणून तेवढं गार झालेलं पाणी तळाला जाऊन बसतं. त्याहून गार पाणी हलकं होऊन वर राहतं आणि वरूनच गोठत येतं. बर्फ तर पाण्याहून आठेक टक्क्यांनी हलका. तळ्यातला सारा जीव या एवढ्याशा फरकावर हिवाळा काढतो, आणि आत्ता तुम्हीही त्याच्याच भरवशावर उभे आहात. तिकडे खाली वॉलआय नावाचा मासा आहे. गारठ्याने त्याचं सगळंच मंदावलेलं असतं, भूकसुद्धा. सांज उतरायला लागली की तो हलतो. त्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला एक चकाकता थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात भक्ष्याला न दिसणारं त्याला दिसतं.

इथे जरा थांबा. मध्येच तळ्याच्या पोटातून एक लांबलचक हुंकार येईल, पायाखालून सरकत जाईल. दचकू नका. गारव्याने बर्फ आकसतो, ऊन लागलं की पसरतो, आणि साठलेला ताण सुटला की असा आवाज करतो. फूटभर जाडीचा भक्कम बर्फही करतो आणि पातळही करतो. आवाजावरून जाडी ठरवता येत नाही. ती मोजावीच लागते.

म्हणून मासे धरण्यासाठी बर्फात भोक पाडायचं गिरमिट अजून खाली बर्फावरच राहू द्या. हातात पहार घ्या. दोन पावलं टाका, पुढच्या बर्फावर पहार जोराने आपटा, मग पुढची दोन पावलं. एक-दोन घावांत पाणी वर आलं तर तोंड फिरवा आणि आल्या पावलांच्या खुणांवरूनच परत जा. मिनेसोटाचं नैसर्गिक संपदा खातं सांगतं ते आकडे मनात घोळवा: नवा, पारदर्शक, घट्ट बर्फ असेल तर पायी चालायला किमान 4 इंच, स्नोमोबिलला 5 ते 7, छोट्या मोटारीला 9 ते 10. बर्फ पांढरा, दुधट असेल तर त्याची ताकद निम्मी समजायची, म्हणजे जाडी दुप्पट हवी. आणि शंभर टक्के सुरक्षित बर्फ नसतोच, हेही तेच खातं सांगतं. तळ्याला ओढा मिळतो तिथे, झऱ्याच्या तोंडाशी किंवा हिमाचं जाड पांघरूण पडलंय तिथे बर्फ पलीकडच्यापेक्षा पातळ असू शकतो. शेजाऱ्याची गाडी उभी आहे म्हणून आपणही तिथवर जायचं, हा तर्क सोडून द्या. गळ्यात दोरीला बांधलेले दोन टोकदार खिळे अडकवले आहेत ना, हाताने चाचपून बघा. पाण्यात पडलात तर ते बर्फाच्या काठात रोवून वर यायचं असतं.

पहारीने एक गोष्ट केली. बर्फाचं म्हणणं तिने मनगटापर्यंत आणून पोचवलं. घट्ट बर्फावर ती खणखणते आणि उसळते, मऊ बर्फात बद्द करून रुतते. हाताने फिरवायचं गिरमिटही असंच बोलकं असतं. मूठ गरगर फिरवताना दुधट थर केव्हा संपला आणि खालचा काचेसारखा घट्ट थर केव्हा लागला, हे दंडाला कळतं. यंत्राचं गिरमिट घेताना सोडायचं असतं ते हेच. मोटार सगळा प्रतिकार स्वतःच पिऊन टाकते. इंच कुठला मऊ, कुठला कठीण, तिला फरक पडत नाही. मग तो आपल्यालाही पडेनासा होतो. यंत्र घेऊ नका, असं मी म्हणत नाही. फेब्रुवारीत बर्फ अडीच फुटांवर गेला की तिसऱ्या भोकाला हाताचं गिरमिट माणसाला रडवतं. पण यंत्र जे हातातून काढून घेतं ते कानाने आणि डोळ्याने परत मिळवावं लागतं. आजचं सगळं मनन त्यासाठीच आहे.

इथल्या ओजिब्वे लोकांनी यंत्राच्या कितीतरी आधी या तळ्यांत भोकं पाडली. अंगावर पांघरूण ओढून उजेड अडवायचा, पाण्यात कोरलेला लाकडी मासा हलवत राहायचा आणि खऱ्या माशाची वाट पाहत भाला धरून पडून राहायचं. भोक पाडणं हा त्या कामातला सगळ्यात छोटा भाग होता.

आता निवडीकडे या. डोळ्यांसमोर चार गिरमिटं ठेवा आणि एकेक उचलून वजन अजमावा.

पहिलं हाताचं, तीन-चार किलोंचं. इंधन नको, बॅटरी नको. डिसेंबरच्या सहा-आठ इंच बर्फाला पुरेसं, आणि बर्फ ओळखायला शिकवणारं. दुसरं पेट्रोलचं. बारा ते पंधरा किलो, टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट, चोक ओढा, दोरी खेचा, पुन्हा खेचा. चालू झालं की मात्र दिवसभर दमत नाही. त्याचा धूर लक्षात ठेवा: बंद तंबूत ते चालवलं तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. तंबूतल्या शेगडीलाही हेच लागू, हवा यायला फट हवीच. तिसरं लिथियम बॅटरीचं. बटण दाबलं की फिरतं, आवाज थोडा, धूर नाही, बहुतेकांना उलटी फेरी असते. पण बॅटरी गारठली की मलूल होते, म्हणून जॅकेटच्या आत बाळगायची. आणि बॅटरी शून्याखाली गार असताना चार्जिंगला लावायची नाही, कधीच नाही. लिथियम आत धातूच्या रूपात साचतं आणि बॅटरी कायमची बिघडते. घरी आणून आधी ऊब धरू द्या, मग लावा.

चौथं अर्धं तुमच्या घरातच आहे: भिंतीला भोक पाडायचं कॉर्डलेस ड्रिल, त्याला हलक्या धातूचं किंवा प्लॅस्टिकचं मळसूत्र जोडायचं. सगळं मिळून पाचेक किलो. ड्रिल ब्रशलेस आणि दमदार हवं, आणि बाजूची मूठ लावलेलीच हवी. पातं बर्फात अडकलं की मळसूत्र थांबतं आणि ड्रिलच फिरतं, तुमच्या मनगटासकट. त्या मुठीशिवाय वापरणारे बरेच दिसतात. त्यांच्या मनगटांचं मला आश्चर्य वाटतं. मळसूत्राच्या वर एक रुंद चकती असते, तीही काढू नका. जोड निसटलाच तर ती गिरमिट तळ्याच्या तळाशी जाऊ देत नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्या हिवाळ्यात हाताचं, नंतर ड्रिलचं. पेट्रोलचं त्याने घ्यावं ज्याला उत्तरेकडच्या तीन फूट बर्फात रोज वीस-तीस भोकं पाडायची आहेत. इथे बर्फावर एका माणसाला दोनच गळ टाकता येतात, तरी मासा शोधत भोकांमागून भोकं पाडत फिरण्याची पद्धत आहे आणि त्याने मासेही मिळतात. तशी भटकंती करणाऱ्याला जड यंत्र परवडत नाही हे आलंच.

आता हातमोज्याच्या तळव्यावर बोटाने एक वर्तुळ काढा. किती मोठं काढलंत? दुकानात गेलं की माणूस मोठं वर्तुळ निवडतो, आत मोठा मासा दिसायला लागतो. जरा हिशोब करू. 6 इंच व्यासाच्या भोकाचं क्षेत्रफळ साधारण 28 चौरस इंच, 8 इंचाचं 50, 10 इंचाचं 78 च्या वर. व्यास दोन इंचांनी वाढला, काम दीडपटीहून जास्त वाढलं. 20 इंच जाड बर्फात 8 इंचाचं भोक म्हणजे सुमारे 15 किलो बर्फ वर काढायचा. 10 इंचाचं म्हणजे जवळजवळ 24 किलो. ते 9 किलो बॅटरीतून जातात किंवा पाठीतून जातात. क्रॅपी, ब्लूगिल असल्या ताटात मावणाऱ्या माशांना 6 इंच पुष्कळ. वॉलआयला 8. मोठा पाइक किंवा लेक ट्राउट धरायचाच असेल तर 10. आपण ज्या माशासाठी आलो आहोत तो किती रुंद आहे, एवढाच प्रश्न मनात ठेवा आणि त्याचं उत्तर प्रामाणिकपणे द्या.

श्वास घ्या. यंत्राचं गिरमिट उचला.

पात्यावरचं झाकण काढा, पण धारेला बोट लावू नका. ही पाती वस्तऱ्याइतकी तासलेली असतात. सरळ धारेची पाती बर्फ तासतात, आणि भोकाभोवती खोबऱ्याच्या किसासारखे पातळ पांढरे कुरळे पापुद्रे साचतात. दातेरी पाती फोडत जातात, त्यांचे तुकडे जाड आणि ओबडधोबड. स्वच्छ बर्फाला पहिली, मातकट बर्फाला किंवा जुनंच गोठलेलं भोक पुन्हा उघडायला दुसरी. उथळ पाण्यात खाली रेती लागली की सरळ धार एका क्षणात मरते.

पाय पुन्हा पसरा. कोपरं अंगाशी. गिरमिट उभं, अगदी उभं. तिरकं झालं की पातं कडेला धरतं आणि हिसका देतं. टोक बर्फावर टेकवा आणि सावकाश सुरू करा. भार देऊ नका. हात फक्त तोल सांभाळतात, कापण्याचं काम धारेचं आहे. तुम्हाला दाबावंसं वाटत असेल तर धार गेली आहे.

आता ऐका. दुधट बर्फात मोटारीचा सूर एक असतो, खालच्या घट्ट बर्फात तो किंचित खाली येतो. वर येणाऱ्या किसाकडे पाहा: आधी खडूसारखा मऊ पांढरा, मग चमकदार आणि कोरडा. हे दोन थर किती-किती इंचांचे आहेत हे मनात नोंदवा. दंडाला मिळणारी खबर आता इथून येते आहे.

मध्येच किस ओला झाला तर लगेच सुटलो असं समजू नका. कधी हिमाच्या भाराने जुना बर्फ दबतो, फटींतून पाणी वर येतं आणि त्यावर नवा थर गोठतो; मध्ये लगद्याचा एक पोकळ पट्टा राहतो. वरच्या थराच्या खाली लागलेलं पाणी ते हेच. गिरमिट चालू राहू द्या, खाली दुसरा थर आहे. तो किती जाड आहे हे कळल्याशिवाय गाडी पुढे आणू नका.

मग खरंच आरपार जाईल. हाताखालचा आधार एकदम सुटेल आणि पाणी उसळून वर येईल. मोटार बंद करू नका. फिरत असतानाच गिरमिट वर ओढा म्हणजे लगदा बाहेर येईल. उलटी फेरी असेल तर ती एकदा चालवा, उरलेला लगदा बर्फाखाली जाईल. बुटांवर पाणी उडेल, ते तिथल्या तिथे गोठेल.

आता वाका आणि भोकात पाहा. इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. आठ टक्क्यांचा फरक आठवा: 20 इंच बर्फ असेल तर पाणी वरच्या कडेपासून दीड-पावणेदोन इंच खाली स्थिरावायला हवं. तसं असेल तर बर्फ मोकळा तरंगतो आहे. पाणी काठोकाठ आलं असेल तर बर्फावर हिमाचं किंवा तुमच्या सामानाचं ओझं आहे. पाणी काठ ओलांडून बाहेर पसरत असेल तर ओझं बर्फाच्या तरंगण्याच्या ताकदीहून जास्त झालंय. पाय ओले होण्याआधी तंबू आणि गाडी तिथून हलवा. दांड्याला आकडा लावलेली मोजपट्टी आत सोडा, आकडा बर्फाच्या खालच्या कडेला अडकवा आणि जाडी वाचा. अंदाज चार इंचांनी चुकला असेल तर कुठल्या थरात चुकला ते बघा.

गिरमिट भोकात उभं सोडू नका, दहा मिनिटांत गोठून बसतं. झटका देऊन पाणी उडवा, पाती फडक्याने पुसा, झाकण घाला. झाऱ्याने भोकातला उरलेला लगदा काढा. आमिष तळापर्यंत जाऊ द्या आणि मग फूटभर वर घ्या. वॉलआय बहुधा त्याच थरात फिरतो. जागा बदलाल तेव्हा मागे सोडलेल्या भोकाशी एखादी फांदी रोवा. रात्रीत त्यावर पातळ साय धरते, वर हिम पडतं, आणि 8 इंचांत माणसाचा पाय घोट्यापर्यंत सहज जातो.