खिडकी की भिंत?



मुलाला खेळासाठी व्हीआर हेडसेट घ्यावा का, असे एका आईवडिलांनी आम्हांला विचारले. मेटा कंपनीच सांगते की तिचा हेडसेट १० वर्षांखालील मुलांसाठी नाही. पण मूल मोठे असेल तर?

हवा तो अनुभव देणारे यंत्र मिळाले, तर आयुष्यभर त्याला जोडून घ्याल का, असे १९७४ साली तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी विचारले. त्यांचे उत्तर 'नाही' होते. माणसाला नुसते वाटून घ्यायचे नसते, खरोखर काही करायचे असते. पण हेडसेट तासाभराने उतरवता येतो. मग वाईट काय?

खेळ वाईट नाही. राजपुरीहून होडीने जंजिऱ्याला जाऊ न शकणाऱ्या आजीला तर तो खिडकीच ठरेल. मात्र टीव्ही सारे घर मिळून पाहते. इथे खेळात रमलेल्याला समोर बसलेली आई दिसत नाही. तेव्हा खिडकीची भिंत होते.

म्हणून किमतीआधी हे पाहू या: हेडसेट उतरवल्यावर मुलगा मित्रांबरोबर मुरुडच्या वाळूत धावतो, की त्याला घरदार फिके वाटते? आधी कुणाचा उसना आणून आठवडाभर पाहावे. तोवर घाई नको, असे आम्हांला वाटते.