मदतनीस आणि मुलांचे डोळे

प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तांत 'आपले मदतनीस' हा विषय शिकवला जातो. टपालवाला, शेतकरी, परिचारिका, पोलीस, सफाई कामगार यांची चित्रे भिंतीवर लागतात; मुले प्रत्येकाचे काम तोंडपाठ म्हणतात आणि घरी येतात. घरी येताच दुसरा पाठ सुरू होतो, व तोच अधिक खोल उतरतो. डॉक्टरांना 'या, बसा' म्हणणारे वडील रस्ता झाडणाऱ्या वयस्क माणसाला 'अरे' म्हणून हाक मारतात. त्याने पाणी मागितले तर पेला निराळा काढला जातो. अभ्यासाचा कंटाळा करणाऱ्या मुलाला आई सहज म्हणून जाते, 'शिकला नाहीस तर झाडू मारावा लागेल.' शाळेत जो मदतनीस, तोच घरी शिक्षेचे उदाहरण ठरला! पाच-सहा वर्षांचे मूल ही विसंगती बोलून दाखवीत नाही. पण दोहोंपैकी खरे कोणते, हे ते अचूक ओळखते.

श्रेष्ठ पुरुष जसे वागतो तसे इतर लोक वागतात, असे भगवंतांनी तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. लहान मुलाच्या लेखी श्रेष्ठ म्हणजे राजा किंवा पुढारी नव्हे, त्याचे आईबाप.

यावर एखादा सश्रद्ध गृहस्थ म्हणेल की, अठराव्या अध्यायात स्वकर्माने ईश्वराची पूजा होते असे सांगितले आहे, तेव्हा सर्व कामे सारखीच पवित्र आहेत असे मुलाला शिकवावे. वचन थोर आहे यात शंका नाही. तथापि ते उच्चारण्यापूर्वी त्याने स्वतःस विचारावे, हे काम आपल्या मुलाने केलेले आपल्याला चालेल काय? उत्तर 'नाही' असेल, तर त्या वचनाचा उपयोग भक्तीसाठी होत नसून सोयीसाठी होत आहे. अर्जुनाला जे सांगितले ते त्याच्या स्वतःच्या कर्माविषयी होते. दुसऱ्याला त्याच्या घाणीत समाधानी ठेवण्यासाठी नव्हते. जन्मावरून माणसाच्या माथी मैला देणाऱ्या रूढीला या देशात पिढ्यानपिढ्या धर्म म्हटले गेले. ही प्रथा १९९३ व २०१३ च्या कायद्यांनी निषिद्ध ठरवली. तरीही गटारात गुदमरून माणसे मरतातच. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये करण्याचा आदेश द्यावा लागला. काम करणारा वंदनीय आहे; त्याला ज्या स्थितीत काम करावे लागते ती वंदनीय नाही. या दोन गोष्टींची गल्लत करून 'सर्व कामे पवित्र' म्हणणे हे मुलाला गोड असत्य शिकवणे होय.

मृत्यूची वर्णने कोवळ्या मुलाला अर्थातच नकोत. पण 'ते काका हातमोजे का घालत नाहीत?' असे त्याने विचारले, तर 'त्यांना दिलेले नाहीत, आणि द्यायला हवेत' एवढे उत्तर त्याला पुरते. ते खरेही असते.

मुलांना गोष्टी हव्या असतात, आणि येथे गोष्टींना तोटा नाही. राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने उष्ट्या पत्रावळी उचलल्या, ही कथा कीर्तनकार रंगवून सांगतात. द्रोणपर्वातील प्रसंग मात्र फारसा सांगितला जात नाही. जयद्रथवधाच्या दिवशी घोडे थकले, बाणांनी विद्ध झाले. भर रणांगणात श्रीकृष्णाने त्यांना रथापासून सोडले, अंगातील बाण काढले, पाणी पाजले, खरारा केला. गीता सांगणारे हातच ते! अलीकडच्या काळातील गोष्ट हवी असेल तर विनोबांची आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात ज्यांनी गीतेवर प्रवचने दिली, तेच १९४६ पासून पवनारजवळच्या सुरगावात खांद्यावर फावडे टाकून मैला उचलण्यास जात. त्या कामासाठी ते जन्मले नव्हते. त्यांनी ते पत्करले होते. हा भेद मुलाला आज कळणार नाही, मोठेपणी कळेल.

गोष्टीनंतर हाताला काही काम हवे. सकाळी घंटागाडी आली की 'कचरेवाला आला' अशी आरोळी उठते. वास्तविक कचरा घरातल्यांचा असतो, येणारा तो नेणारा असतो. ओला व सुका कचरा मुलानेच वेगळा करावा. काच फुटली तर ती जाड कागदात बांधून निराळी द्यावी, कारण ती पिशवी कोणाच्या तरी हातात जाणार आहे. हे पाच वर्षांच्या मुलालाही समजते. त्या माणसाचे नाव मुलाने विचारून घ्यावे आणि 'अहो' म्हणावे. दिवाळीत त्यांना पोस्त दिली जाते, तेव्हा फराळही द्यावा, मुलाच्या हातून, पाहुण्यांसाठी काढलेल्याच ताटलीत.