आमच्या गेटवर पाटी नव्हती

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या गल्लीत दहा गेटं बघा. त्यातल्या तीन-चारांवर तरी ती पाटी असतेच : ‘गेटसमोर गाडी लावू नये, लावल्यास हवा सोडण्यात येईल.’ आमच्या गेटवर नव्हती. पुढचं सगळं त्या नसलेल्या पाटीमुळे घडलं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण ते खरं नाही.

आमची गल्ली कोथरूडमधली. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की मधून एक रिक्षा जेमतेम जाते. समोरच्या बिल्डिंगमध्ये आठ फ्लॅट आहेत आणि खाली चार गाड्यांची जागा. ती बांधली तेव्हा आठ घरांत मिळून दोन मोटारी होत्या, त्यामुळे चार म्हणजे चैन होती. आता गाड्या अकरा आहेत. त्यातली एक पांढरी, मोठी, समोरच्या काकांची. ती रात्री आमच्या गेटसमोर यायची आणि सकाळी दहापर्यंत तिथेच असायची. गेट पूर्ण अडायचं नाही, अर्धं अडायचं. स्कूटर तिरकी करून निघायची. पण त्या महिन्यांत आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आठवड्यातून तीन दिवस सकाळी साडेआठला फिजिओथेरपी. रिक्षा दाराशी लागायची नाही. आई वॉकर घेऊन कोपऱ्यापर्यंत चालायची आणि मी तिच्या मागे, त्या गाडीकडे बघत.

गेटसमोर गाडी लावायला कायद्यानेही मनाई आहे. वाहन कसं चालवावं याचे केंद्र सरकारचे २०१७चे नियम आहेत, त्यात मालमत्तेच्या प्रवेशद्वारासमोर गाडी उभी करू नये असं स्पष्ट लिहिलंय. मी ते रात्री एक वाजता मोबाइलवर शोधून वाचलं होतं. आपली बाजू बरोबर आहे हे मला काकांना सांगायचं नव्हतं, स्वतःलाच सांगायचं होतं. इतक्या रात्री नियम शोधणारा माणूस बोलायच्या तयारीत नसतो, तो खटल्याच्या तयारीत असतो.

पण नुसतं ‘त्यांची चूक’ म्हणून मोकळं होता येत नाही. रस्ता कुणाचा, हा प्रश्न उरतोच. आमच्याच गल्लीत लोक आपल्या घरासमोरचा डांबरी रस्ता कसा राखतात बघा. कुणी कुंड्या ठेवतं, कुणी दोन विटांवर पाट टाकतं, एका घरासमोर तर वर्षानुवर्षं न हललेली, चाकं जमिनीला टेकलेली एक स्कूटर आहे. ती जागा अडवायची खूण आहे, वाहन नाही. शिकागोत बर्फ पडल्यावर लोक आपल्या गाडीपुरती जागा फावड्याने साफ करतात आणि तिथे खुर्ची, इस्त्रीचं टेबल असं काहीबाही ठेवून जातात. मी खपलो, म्हणून जागा माझी. तिकडे या प्रथेला ‘डिब्स’ म्हणतात. जॉन लॉकने सतराव्या शतकात हेच जरा भारदस्त भाषेत मांडलं होतं : माणूस ज्यात आपले श्रम मिसळतो, त्यावर त्याचा हक्क तयार होतो. शिकागोवाल्याने निदान बर्फ तरी उपसलेला असतो. आमच्याकडच्या कुंडीवाल्याने काय उपसलं? आणि मी तरी काय? गेटसमोरची जागा ‘माझी’ वाटणं आणि तिथून जाण्या-येण्याचा माझा हक्क असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रागात असताना मी त्या सोयीने एक करत होतो.

आणखी एक हिशेब सांगतो. आपल्याकडे एका मोटारीसाठी साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, सुमारे १३५ चौरस फूट. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात एका कुटुंबाला मिळणारं घर काही वर्षं २६९ चौरस फुटांचं होतं, आता ते ३०० झालंय. म्हणजे दोन गाड्या शेजारी लावल्या की एका कुटुंबाच्या घराएवढी जागा गेली. आमच्या कोपऱ्यावर भाजीवाल्या मावशी बसतात, त्यांची पाटी-पसारा धरून फार तर चार बाय सहा. अतिक्रमणवाल्यांची गाडी येते ती त्यांना उठवायला. अकरा मोटारींना कुणी अतिक्रमण म्हणत नाही. हे मी तेव्हा मित्रांना मोठ्या तावातावाने सांगायचो. पुढे जे झालं त्यानंतर हा मुद्दा मांडताना माझी जीभ जरा अडखळते.

मग बेल का नाही वाजवली? समोरचा जिना, दुसरा मजला. काका पंचावन्न-साठचे, मला शाळेपासून ओळखतात, दिवाळीला फराळाचं ताट जातं-येतं. खरं तर म्हणूनच नाही वाजवली. अनोळखी माणसाला ‘ओ, गाडी काढा’ म्हणणं सोपं. ओळखीच्या माणसाशी बोलायचं तर आधी ‘काका, बरे आहात ना’ आणि मग पाच मिनिटांनी ‘ते जरा गाडीचं’. त्या पाच मिनिटांची मला भीती होती. म्हणून मी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सर्वांनी इतरांच्या गेटचा विचार करावा’ असं मोघम टाकलं. त्याला सात अंगठे आले. त्यातला एक काकांचा होता.

त्यानंतर चार दिवसांनी, रात्री साडेअकरा-बाराला, मी खाली उतरलो आणि त्यांच्या मागच्या डाव्या चाकाची हवा सोडली. खोटं कशाला बोलू, फुस्स आवाज यायला लागला तेव्हा मला बरं वाटलं.

सकाळी काकांनी खालून मलाच हाक मारली. ‘अरे, तुझ्याकडे पायाचा पंप आहे ना?’ होता. मी तो घेऊन गेलो, अर्धा तास पंप मारला, घाम गाळला. काका पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘तुझ्यासारखी पोरं आहेत म्हणून गल्ली टिकून आहे.’ हसावं की काय करावं कळेना. मी म्हटलं, ‘असू दे काका.’

इथवर ही एक विनोदी गोष्ट आहे, आणि मी ती मित्रांना तशीच सांगितली. संध्याकाळी ग्रुपवर एक फोटो आला. पहाटे गाड्या धुवायला येणाऱ्या मुलाचा. आधल्या आठवड्यात त्याने दोनशे रुपये वाढवून मागितले होते आणि काकांनी नाही म्हटलं होतं. काकांच्या मते हिशेब स्वच्छ होता. खाली लिहिलं होतं, ‘याने राग काढला आहे. याला गाडीला हात लावू देऊ नये.’ याही वेळी अंगठे आले. त्याच्याकडे गल्लीतल्या नऊ गाड्या होत्या, गाडीमागे महिन्याला पाचशे. आठवड्याभरात पाच सुटल्या. मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या रेघा माझ्याही होत्या.

मी गप्प बसलो. एक-दोन दिवस नाही, जवळजवळ दोन महिने. मधे गणपती होऊन गेले.

त्या दोन महिन्यांत मी जे वाचलं त्यातलं थोडं इथे सांगायला हवं, कारण मी चक्क पुस्तकांत पळवाट शोधत होतो. रॉबर्ट एलिक्सन नावाच्या अमेरिकन कायद्याच्या प्राध्यापकाचं १९९१चं ‘ऑर्डर विदाउट लॉ’ हाती लागलं. कॅलिफोर्नियाच्या शास्ता परगण्यात शेजाऱ्याची गुरं आपल्या रानात घुसली की लोक काय करतात, याचा तो अभ्यास आहे. त्याला दिसलं असं की लोकांना कायदा धड माहीतही नसतो आणि त्यांचं त्यावाचून अडतही नाही. आधी साधा निरोप जातो, ‘तुमची गाय इकडे आलीय, घेऊन जा.’ माणूस ऐकतच नसेल तर त्याच्याविषयी चारचौघांत बोललं जातं. त्यानेही भागलं नाही तर ताकीद, आणि मग गुरांवर प्रत्यक्ष कारवाई. कोर्ट जवळजवळ कुणी चढत नाही. वाचताना मला हायसं वाटलं : म्हणजे हवा सोडणं हीही शेजारधर्माचीच एक पायरी! पण त्या शिडीवर मी खालच्या सगळ्या पायऱ्या टाळून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारली होती, आणि तीही अंधारात. तिथल्या माणसाला कळतं की कुणी आणि का केलं. काकांना यातलं काही कळलं नव्हतं. त्यामुळे त्यांनी गाडी लावणं थांबवलं नाही. शिक्षा झाली, पण तिचा अर्थ लावायचं काम ज्याला ती झाली त्याच्यावरच सोडलेलं होतं. आणि माणूस असा अर्थ लावायला बसला की संशयाचं बोट सहसा आपल्याहून खालच्या माणसाकडे वळतं. काकांच्या डोक्यात दुसऱ्या मजल्यावरचे साहेब आले नाहीत, मी आलो नाही. बादलीवाला मुलगा आला.

दुसरा सापडला कांट. १७९५च्या ‘शाश्वत शांतता’ या निबंधाच्या परिशिष्टात त्याने एक कसोटी दिलीय. दुसऱ्याच्या हक्काशी संबंध असलेलं जे कृत्य, त्यामागचं तत्त्व उघड केल्याबरोबर फसतं, ते कृत्य अन्यायाचं. मी ‘आज रात्री तुमची हवा सोडणार आहे’ असं काकांना सांगू शकलो असतो का? नाही. म्हणजे मी नापास. पण गंमत म्हणजे ती पुणेरी पाटी पास होते! ‘हवा सोडण्यात येईल’ हे दिवसाढवळ्या, लाल अक्षरांत सांगितलेलं असतं. तो कायदा नाही, कदाचित कायद्याविरुद्धच असेल, पण निदान अंधारातलं नाही. तिच्या उद्धटपणाला आपण हसतो. त्यात सभ्यतेचाही एक अंश आहे असं मला आता वाटतं : समोरच्याला निवड करायची संधी ती देते.

यावर मी खूश होऊन थांबलो असतो, पण कांट स्वतःच पुढे बजावतो की ही कसोटी उलट बाजूने चालत नाही. जे उघडपणे करता येतं ते न्याय्यच असतं असं नाही, कारण ज्याच्या हाती पुरेशी ताकद आहे त्याला काहीच लपवावं लागत नाही. हे वाचलं आणि आमची अख्खी गल्ली डोळ्यांसमोर आली. काका गाडी उघड्यावर लावत होते. त्या मुलाचा फोटो उघड्यावर टाकला. आम्ही सगळ्यांनी उघड्यावर अंगठे दिले. लपूनछपून काम केलं ते फक्त मी. आणि मी उघड केलं नाही ते भीतीने नव्हे, तर ओळखीपाळखीत वाईटपणा नको म्हणून. भीती वाटायला हवी होती अशा माणसाने तर काहीच केलेलं नव्हतं.

शेवटी एका रविवारी बेल वाजवली. काकूंनी चहा टाकला. ती पाच मिनिटं मी आईच्या गुडघ्यावर घालवली आणि मग सांगून टाकलं. काका बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं, आता ओरडतील. म्हणाले, ‘आई चालत जायची कोपऱ्यापर्यंत?’ त्यांना खरंच माहीत नव्हतं. दहाला उठून खाली येणाऱ्या माणसाला साडेआठचं गेट दिसत नाही. मग मात्र चिडले. ‘मग सरळ सांगता येत नव्हतं? मी काय वाघ आहे?’ मी म्हटलं, ‘आणि तुम्ही त्या मुलाला विचारलंत का?’ हे मला म्हणायचं नव्हतं, निदान त्या क्षणी माझ्या तोंडी ते शोभत नव्हतं. काकूंनी कप उचलले.

काकांनी ग्रुपवर दोन ओळी टाकल्या, ‘गैरसमज झाला होता, मुलाचा दोष नाही.’ माझं नाव त्यांनी लिहिलं नाही. तो मेसेज मी स्वतः टाकायला हवा होता हे मला कळत होतं. मी तो रात्री टाकला, नावासकट. त्याला दोनच अंगठे आले. गाडी आता थोडी पुढे लागते. कधी जागाच नसली तर काका फोन करून सांगतात, ‘आज अर्धं गेट अडतंय रे, सकाळी किती वाजता निघायचंय?’ आणि कधी कधी, मला वाटतं मुद्दाम, सांगत नाहीत. तेव्हा मी बेल वाजवतो.

तो मुलगा आता मागच्या गल्लीत गाड्या धुतो. मी गेलो तेव्हा फडकं पिळत होता. सगळं सांगितलं. त्याने मान वर केली नाही. सुटलेल्या पाच गाड्यांचे एका महिन्याचे पैसे मी पाकिटात घालून नेले होते, ते पुढे केले. त्याने हात पँटला पुसले, पाकीट उघडून नोटा मोजल्या.

‘दोन महिने झाले, दादा,’ तो म्हणाला.