"मानमोडी असंल, सर!"

मान वर करा. तामलवाडीतली निम्मी माणसं माझ्या हाताखालून गेली आहेत. तेव्हा पाढा चुकला की छडी होती. आता तुम्ही लेकराबाळांचे झालात म्हणून नुसतं बोलतो आहे.

एका रात्रीत खुराड्यात तीन कोंबड्या आडव्या झाल्या. तुरे काळेनिळे, डोकी सुजलेली, पायांवर लाल चट्टे. दोन तुम्ही उकिरड्यावर भिरकावल्या. तिसरी धडपडत होती, तिच्यावर सुरी फिरवून कालवण केलंत. उरलेल्या पाटीत घालून आठवडी बाजारात विकून आलात. विचारलं तर म्हणता, "मानमोडी असंल, सर!" असंल? तुम्ही डॉक्टर कधी झालात? मानमोडीतही कोंबड्या अशाच पटापट मरतात, म्हणूनच नुसतं बघून निदान होत नाही. खात्रीसाठी नमुना भोपाळच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. मानमोडीला लस तरी आहे, आणि तीही तुम्ही टोचून घेत नाही. बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूची लस आपल्या देशात कोंबड्यांना देत नाहीत. तो शिरला की कोंबड्या मारून पुरायच्या, दुसरा इलाज नाही.

फेब्रुवारी २००६मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा "ते तिकडं नंदुरबारला" म्हणालात. जानेवारी २०२१मध्ये मुरुंब्यात आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या, तर "ते परभणीला." मग २०२५ उजाडलं. जानेवारीत उदगीरचे कावळे मेले, फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यातल्या ढोकीचे, मार्चमध्ये सोलापुरात तलावाकाठचे. तिकडे ढोकी, इकडे सोलापूर आणि मधे हमरस्त्यावर आपण. आता कुणाकडे बोट दाखवणार?

कावळ्यांकडे दाखवालच. पण उकिरड्यावर त्यांना ताट वाढलं कुणी? मेलेली कोंबडी कावळ्यानं टोचायची, कुत्र्यानं ओढत दुसऱ्या आळीत न्यायची, आणि तिथल्या म्हातारीची तलंग चार दिवसांनी मेली की तिनं नशिबाला बोल लावायचा. शीट आणि चोचीतला चिकट स्राव, एवढ्यावर हा रोग गाव फिरतो. तुमच्या चपलेला लागून, बाजारातून न धुता आणलेल्या पाटीला लागून. ओल्या, गार जागी विषाणू दिवसच्या दिवस जिवंत राहतो. बदकं तर वरून धडधाकट दिसतात आणि आतून रोग बाळगतात. ती कोंबड्यांत सोडू नका, हे किती वेळा सांगू?

अंड्यांचे पैसे घरातल्या बाईचे असतात, हे मला ठाऊक आहे. लेकराची वही त्यातूनच येते. म्हणूनच तर चीड येते. पाच कोंबड्यांचे पैसे वाचवायला गेलात आणि आळीतल्या पंधरा घरांच्या वह्या बुडवल्यात.

आणि ते कालवण! नीट शिजलं तर विषाणू मरतो, मान्य. पण आजारी कोंबडी सोलताना हात कुणाचे होते? बाजूला पिसांशी खेळत कोण बसलं होतं? मार्च २०२५मध्ये आंध्रात नरसरावपेटची दोन वर्षांची मुलगी याच रोगानं गेली. तिनं कच्च्या कोंबडीचा तुकडा खाल्ला होता, असं घरच्यांनी सांगितलं.

खर्चाचं म्हणाल तर फार काही लागत नाही. दाणापाणी उघड्यावर ठेवू नका, छपराखाली ठेवा, म्हणजे कावळे-चिमण्या तोंड घालणार नाहीत. बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी डाला. खुराड्यात जायची चप्पल वेगळी ठेवा. आसपास रोगाची बातमी असेल तेव्हा कोंबड्या मोकळ्या सोडू नका. "कोंडल्या तर खातील काय" म्हणून कुरकुरू नका. मेल्यावर काय खातात?

कळवलं तर सगळ्याच मारतील, ही भीती मी ओळखून आहे. रोग ठरला तर साधारण १ किलोमीटरच्या आतले पक्षी मारतात, हे खरंच आहे. पण जनावरांच्या साथरोगांच्या २००९च्या कायद्यानं कळवणं मालकावर बंधनकारक आहे, आणि भरपाई मिळते ती सरकारनं मारलेल्या कोंबडीची. आधीच मेलेलीची दमडी मिळत नाही. लपवून तुम्ही स्वतःचेच पैसे घालवता.

पुढच्या वेळी कोंबड्या पटापट मरू लागल्या तर हात लावू नका, विकू नका, फेकू नका. ग्रामपंचायतीत सांगा, १९६२ या नंबरला फोन लावा आणि डॉक्टर येईपर्यंत खुराड्यापाशी कुणाला फिरकू देऊ नका.