गळ, गंध आणि प्रचीती

पाण्याच्या काठी गळ टाकून बसणाऱ्या मनुष्यास तत्त्वचिंतक म्हणण्याची आपल्याकडे चाल नाही. तथापि प्रमाणशास्त्रातील एक जुना प्रश्न त्याच्या पिशवीत, लहानशा बाटलीच्या रूपाने, पुष्कळदा पडलेला असतो. इंग्लंड-अमेरिकेत अशा बाटल्यांचा मोठा व्यापार चालतो. कोणीत बडीशेपेसारख्या वासाचे तेल, कोणीत लसणाचा अर्क, कोणीत कुटलेल्या माशांचा वा झिंग्यांचा रस. आमिषावर दोन थेंब सोडावेत आणि मासा लागलाच म्हणून समजावे, असे विकणारा सांगतो. घेणारा त्यास आपल्या अनुभवाची साक्ष जोडतो. हा साक्षीदार खोटे बोलत नसतो. त्याने तेल लावले हे खरे, त्यास मासे मिळाले हेही खरे. प्रश्न इतकाच, की या दोन खऱ्या गोष्टींच्या मधला 'म्हणून' त्याने कोठून आणला?

ही श्रद्धा आजची नव्हे. आयझॅक वॉल्टन याचा 'द कंप्लीट अँगलर' हा ग्रंथ १६५३ साली प्रथम प्रसिद्ध झाला व पुढील आवृत्त्यांत तो वाढत गेला. त्यात ऑलिव्हर हेन्ली नावाच्या एका निष्णात गळकऱ्याची हकीकत आहे. हा गृहस्थ आपल्या थैलीतून तीनचार गांडुळे काढून खिशातील एका डबीत घाली, अर्धाएक तास तशीच ठेवी आणि मग गळास लावी. कारण विचारले तर म्हणे, 'चांगली तेवढी निवडून ठेवतो, इतकेच.' मासे मात्र सोबत्यांहून त्यासच अधिक मिळत. पुढे त्याच्या एका जिवलग मित्राकडून वॉल्टनला कळले, की त्या डबीस आयव्हीच्या फळांचे तेल लावलेले असे. वॉल्टन हे सर्व लिहितो. पण त्याबरोबर हेही लिहितो, की ही ऐकीव गोष्ट आहे, मी स्वतः करून पाहिलेली नाही, मात्र ती संभवनीय वाटते. तीन शतके लोटल्यावरही हे वाक्य वाचताना माझे मन त्या लेखकाविषयी आदराने भरून येते. ऐकलेले, पाहिलेले आणि केलेले यांची सरमिसळ न करणे ही काही साधी गोष्ट नव्हे.

आपल्याकडेही हा विषय राजमान्य होता. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास रचिलेला 'मानसोल्लास' मराठीच्या अभ्यासकांस जुन्या मराठी शब्दांच्या शोधासाठी परिचित आहे. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचा भाग असून माशांच्या जाती, त्यांचे खाद्य आणि त्यांस गळाने धरण्याची रीत यांचे वर्णन आहे. ज्याला धरावयाचे त्याची रुची प्रथम जाणून घ्यावी, हे राजनीतीतले सूत्र राजाने पाण्याकाठीही सोडले नाही! 'आमिष' या शब्दाचा मूळ अर्थ मांस. लालूच हा अर्थ त्यास मागाहून चिकटला. मासा आणि मनुष्य यांच्यात भाषेने फारसे अंतर ठेवलेले दिसत नाही.

माशांस वास येतो की नाही, याविषयी वॉल्टनने बेकनचा हवाला दिला आहे. यात एक मौज आहे. कारण हेन्लीच्या डबीसारख्या पुराव्यापासून सावध राहण्याचा इशारा त्याच बेकनने 'नोव्हम ऑर्गनम' या १६२० च्या ग्रंथात देऊन ठेवला होता. नवस बोलून जलप्रवासातून सुखरूप परतलेल्यांची चित्रे देवळात दाखविली असता एकाने विचारले, नवस बोलूनही जे बुडाले त्यांची चित्रे कोठे आहेत? बाटलीवाल्या गळकऱ्याचेही असेच होते. मासा लागला की श्रेय बाटलीस. रिकाम्या हाताने परतला की दोष ढगांस, पाण्यास, पौर्णिमेस. रिकाम्या दिवसांची चित्रे कोणी काढीत नाही.

आपल्याकडे अशा योगायोगास 'काकतालीय' असे नाव आहे. कावळा बसण्यास आणि ताडाचे फळ पडण्यास एकच गाठ. पण आपल्या नैयायिकांची देणगी याहून मोठी आहे. जेथे हेतू तेथे साध्य, हा अन्वय. जेथे साध्य नाही तेथे हेतूही नाही, हा व्यतिरेक. आणि दोन्ही जुळल्यावरही मध्ये एखादा 'उपाधी' लपलेला नाही ना, ही शंका. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे नाही, इंधन ओले असावे लागते. ओले इंधन हा तेथला उपाधी. हेन्लीच्या डबीत तेल होते, पण त्या डबीशेजारी हेन्लीही होता: उत्तम गांडूळ निवडणारा, नदीचा खळगा न् खळगा जाणणारा. तेलामुळे मासे की हेन्लीमुळे, हे त्या हकीकतीवरून कोणी सांगावे?

मग गंधाचे सर्व प्रकरण थोतांडच काय? तसे म्हणणे हीही आळशी बुद्धीची सोय होईल. माशास घ्राणेंद्रिय असते आणि ते तीक्ष्ण असते. बहुतेक माशांच्या नाकपुड्यांचा श्वासाशी संबंध नसतो; पाणी एका छिद्राने आत येऊन दुसऱ्याने बाहेर पडते, एवढ्यात वासाची परीक्षा होते. सॅमन मासा समुद्रातून आपल्या जन्मनदीस परततो तो तिच्या वासाच्या स्मृतीने, ही आर्थर हॅस्लर व वॉरन विस्बी यांनी १९५१ साली मांडलेली उपपत्ती पुढे प्रयोगांनी बळकट झाली. आपल्या शिंगाळ्याच्या मिशाळ कुळातील अमेरिकन कॅटफिशच्या तर मिशांवरच नव्हे, सर्वांगावर रुचिकलिका असतात. तो जणू अंगभर जिभेचा प्राणी. पण त्याला कळते ते काय? प्रामुख्याने पाण्यात विरघळणारी अमिनो आम्ले, म्हणजे जिवंत वा कुजत्या मांसातून पाझरणारी द्रव्ये. मनुष्याच्या नाकास घमघमणारे तेल पाण्यात फारसे विरघळतच नाही. बाटली उघडताच जो सुवास विकत घेणाऱ्यास पटतो, तो बहुधा त्याच्यासाठीच घातलेला असतो. उलट मनुष्याच्या हाताचा वास माशास कळतो. कॅनडातील संशोधकांस १९५० नंतरच्या दशकात असे आढळले, की वरच्या अंगास कोणी पाण्यात हात बुडविला तर प्रवाहातून चढणारे सॅमन थबकतात. त्याचे कारण त्वचेतील सेरीन नावाचे अमिनो आम्ल. तेव्हा गढूळ वा संथ पाण्यात, तळाशी वासाने खाद्य हुडकणाऱ्या माशापुढे योग्य द्रव्य ठेवल्यास लाभ संभवतो. नजरेने झडप घालणाऱ्या पाइकपुढे झरझर ओढलेल्या चकचकीत पत्र्यास अत्तर चोपडण्यात मला तरी हशील दिसत नाही.

येथवर प्रश्न ज्ञानाचा झाला; यापुढे तो नीतीचा होतो. बाटलीचा समर्थक म्हणेल, 'तेल खोटे असो; त्यावर माझा विश्वास आहे, म्हणून मी तासभर अधिक बसतो, आमिष दर घटकेस बदलीत नाही, आणि मासे मिळतात. जो विश्वास फळ देतो तो मी का टाकावा?' विल्यम जेम्सने १८९६ साली 'द विल टु बिलीव्ह' या निबंधात अशा विश्वासाची बाजू मोठ्या दिलदारपणे मांडली. ती मला एका मर्यादेपर्यंत मान्य आहे. कोणी एकट्याने आपल्या धीरासाठी बाटली बाळगली तर तिजवर धाड घालण्याचे कारण नाही. परंतु त्याने शेजाऱ्यास 'हे तेल मासे आणते' असे सांगितले की गोष्ट पालटते. मासे आणतो तो धीर, आणि धीर फुकट मिळतो. शेजाऱ्यास खरे तेवढे सांगितले तर तो पैसे न देता तासभर अधिक बसेल. साखरेच्या गोळीस औषध म्हणून देणाऱ्या वैद्याविषयीही मला हेच वाटते. रोग्यास बरे वाटले, एवढ्याने गोळीविषयीचे त्याचे विधान खरे होत नाही. वापरणाऱ्यास क्षमा करताना विकणाऱ्यास तीच क्षमा देऊन टाकण्याची आपल्याला फार घाई असते.

माशाची स्थिती मात्र विचार करण्याजोगी आहे. पाण्यात अमिनो आम्ल दरवळते तेथे बहुधा अन्न असते. त्याचे अनुमान निर्दोष, पिढ्यान्पिढ्या पारखलेले. त्या अनुमानाने तो मरतो. गळकऱ्याचे अनुमान सदोष, आणि त्याचे जातात ते चार पैसे.

निकाल करावयाचाच असेल तर मार्ग अवघड नाही. रोनाल्ड फिशर (गळाच्या प्रकरणात हे आडनाव यावे हेही काकतालीयच!) याने १९३५ च्या आपल्या ग्रंथात चहाच्या आठ पेल्यांचा प्रयोग वर्णिला आहे: चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, क्रम दैवावर सोडलेला, आणि चाखून ओळखणारीस तो ठाऊक नाही. निव्वळ अंदाजाने आठही पेले बरोबर ओळखण्याचा संभव सत्तरांत एक. तसेच येथे करावे. एकच पाणी, एकच गळकरी, एकाच जातीची आमिषे. कोणत्या आमिषास तेल लावावयाचे हे नाणे उडवून ठरवावे, आणि रिकाम्या दिवसांचीही नोंद ठेवावी. अडचण एकच: गळकऱ्यास स्वतःचे नाक आहे. त्यास तेलाचा वास आला की त्याचा धीर वाढणार आणि उपाधी पुन्हा आत शिरणार. म्हणून आमिष दुसऱ्या कोणी लावावे, हात धुऊन लावावे, आणि गळकऱ्याने वाऱ्याच्या वरच्या बाजूस बसून फक्त काठी धरावी.